रॉक क्रीकवरची दगडी गिरणी

रानजाई

मेरीलँडमध्ये राहायला आले त्या पहिल्या हिवाळ्यात मला सगळ्यात जास्त आठवण कशाची आली असेल, तर गिरणीची. पीठ काय, दुकानात मिळतं. पण दळणाचा डबा नेऊन ठेवायचा, ‘पोळ्यांचं आहे, बारीक काढा’ म्हणून सांगायचं, आधी कुणाची हरभऱ्याची डाळ लागली असेल तर आपला गहू लगेच टाकू नका म्हणून तिथेच उभं राहायचं आणि येताना डब्याची ऊब पोटाशी धरून घरी यायचं, हे सगळं एकदम तुटलं. म्हणून नंतर कधीतरी वॉशिंग्टनच्या रॉक क्रीक उद्यानात फिरताना झाडीतून एक दगडी इमारत दिसली, तिच्या अंगाला लाकडी पाणचाक दिसलं आणि जवळ गेल्यावर ही पिठाची गिरणी आहे असं कळलं, तेव्हा मी तिथून तासभर हलले नाही. त्या गिरणीविषयी गेली काही वर्षं जे वाचलं, पाहिलं, ते इथे लिहिते आहे.

रॉक क्रीक म्हणजे मोठा ओढा. मेरीलँडमधल्या लेटन्सव्हिलजवळ उगम पावून साधारण ५३ किलोमीटर वाहतो आणि वॉशिंग्टन शहरात पोटोमॅक नदीला मिळतो. राजधानीच्या ऐन मध्यातून जातो, तरी दोन्ही काठांना दाट रान आहे, कारण १८९० साली अमेरिकी काँग्रेसनं कायदा करून हे खोरं उद्यान म्हणून राखलं. गिरण्या मात्र त्याच्या कितीतरी आधीच्या. डोंगराळ पठार संपून सपाट किनारपट्टी सुरू होते त्या उतारावर हे शहर वसलंय. उतार म्हणजे पाण्याला पडायला जागा, आणि पाणी पडतं तिथे चाक फिरवता येतं. शिवाय खाली जॉर्जटाउनचं बंदर. वर गहू पिकवायचा, मध्ये दळायचा, पिठाची पिंपं खाली नेऊन जहाजावर चढवायची. म्हणून एके काळी या ओढ्यावर एकापाठोपाठ एक गिरण्या होत्या. आज शहराच्या हद्दीत त्यातली एकच उभी आहे. पीअर्स मिल.

आयझॅक पीअर्स मूळचा पेनसिल्व्हेनियाकडचा, क्वेकर या ख्रिस्ती पंथातल्या घराण्यातला. त्यानं १७९४ मध्ये इथे जमीन घेतली तेव्हा तिच्यावर आधीची एक गिरणी होतीच. मग हळूहळू त्याचा पसारा वाढत गेला: १८०१ मध्ये झऱ्यावर थंडाव्यासाठी बांधलेलं दगडी घर, १८१० मध्ये बग्ग्यांसाठी कोठार. दोन्ही अजून आहेत. आजची गिरणी १८२९ ची. दगड जवळच्याच खाणीतला, निळसर ग्रॅनाइट. वर भिंतीच्या त्रिकोणात एक दगड बसवलाय, त्यावर बी. आय. पी. आणि १८२९ कोरलंय. बेट्सी आणि आयझॅक पीअर्स. नवऱ्याच्या नावाआधी बायकोचं अक्षर आहे, हे मला दर वेळी मान वर करून पुन्हा बघावंसं वाटतं.

आता आतली गंमत. आपल्या डोळ्यांसमोर गिरणी म्हणजे एक खोली, एक चक्की, पट्टा. इथे मजले आहेत, आणि धान्य माणसाच्या खांद्यावरून न जाता स्वतः प्रवास करतं. ही व्यवस्था ऑलिव्हर इव्हान्सची. डेलावेअरमध्ये १७५५ साली जन्मलेला हा कारागीर. त्याच्या आधी गहू गोणीत घालून वर चढवायचा, दळायचा, खाली पडलेलं पीठ पिंपात भरून पुन्हा वर चढवायचं, पसरून गार करायचं, चाळायचं, असा प्रकार होता. जिन्यावरची धूळ, बुटांची माती सगळी त्या पिठात. इव्हान्सनं चामड्याच्या पट्ट्यावर छोटे डबे लावले, रहाटगाडग्यासारखे. ते पट्टे लाकडी नळ्यांतून वरखाली फिरतात आणि धान्य वर नेतात. आडवं न्यायला मळसूत्रासारखा फिरणारा दांडा. आणि हे सगळं चालतं त्याच एका पाणचाकावर. १७९० च्या डिसेंबरात त्याला यासाठी पेटंट मिळालं, अमेरिकेनं दिलेलं तिसरं पेटंट. जॉर्ज वॉशिंग्टननं स्वतःच्या माउंट व्हर्ननच्या गिरणीतही ही यंत्रणा बसवून घेतली.

त्यातल्या एका यंत्राचं नाव मला सोडत नाही. दगडातून निघालेलं पीठ गरम आणि दमट असतं, लगेच चाळलं तर चाळणी बुजते. म्हणून माळ्यावर एक पोरगा दाताळं घेऊन ते पीठ पसरत बसायचा आणि गार झालं की चाळणीच्या तोंडाशी ओढायचा. इव्हान्सनं त्याच्या जागी गोल फिरणारं मोठं दाताळं बसवलं. त्या यंत्राचं नाव पडलं ‘हॉपर बॉय’. पोराचं काम गेलं, आणि नाव तेवढं लाकडाला चिकटून राहिलं. माळ्यावर उभी राहिले की त्या पोराचा घसा पिठानं कसा कोरडा पडत असेल, हेच मनात येतं.

गिरणी १८९७ पर्यंत चालली. उद्यानासाठी १८९२ मध्ये सरकारनं ती ताब्यात घेतली होती, तरी दळण सुरूच होतं. मग राय हे धान्य दळताना मुख्य दांडा तुटला आणि धंदा तिथेच थांबला. पुढे त्याच इमारतीत चहापाण्याचं उपाहारगृह होतं, १९३४ पर्यंत. मंदीच्या त्या काळात, अंतर्गत व्यवहार खात्याचे मंत्री हॅरल्ड इक्स यांच्या पुढाकारानं सरकारी कामाच्या योजनेतून गिरणी पुन्हा उभी केली गेली. ती नुसती बघायला नव्हती. तिचं पीठ सरकारी कचेऱ्यांच्या उपाहारगृहांना जायचं, १९५८ पर्यंत. नंतर अधूनमधून चालत राहिली, १९९३ मध्ये यंत्रणा पुन्हा बंद पडली, आणि ऑक्टोबर २०११ मध्ये परत फिरली. मधल्या काळात आसपासच्या मंडळींनी ‘फ्रेंड्स ऑफ पीअर्स मिल’ म्हणून एकत्र येऊन पैसे जमवले.

मी तिला फिरताना ऐकलंय. आधी पाण्याचा आवाज, मग लाकूड कण्हल्यासारखा, मग सबंध इमारतीच्या तक्तपोशीत हळू धडधड चढते ती तळव्यांना कळते. त्यानंतर दगडाची घरघर. ती घरघर मी लहानपणी आजीच्या मांडीवर डोकं ठेवून ऐकलीय.

कुळीथ

रानजाई, शेवटच्या ओळीला थांबले. आमच्याकडे जातं अजून आहे, पडवीच्या कोपऱ्यात. हळकुंडं तेवढी त्यावर भरडतो. लग्नघरात हळद दळायला पाच जणी बसतात तेव्हा धाकट्या मुलींना पहिल्यांदा कळतं की खुंटा ओढायला किती जोर लागतो.

एक विचारायचं होतं. जात्याला टाकी लावावी लागते, म्हणजे गुळगुळीत झालेला दगड छिन्नीनं ठोकून पुन्हा खरखरीत करावा लागतो. आमच्या गावात ‘जात्याला, पाट्याला टाकीऽऽ’ अशी आरोळी देत बाई यायच्या, ओट्यावर बसून ठोकायच्या, आणि पैशांऐवजी बऱ्याचदा पायलीभर धान्य न्यायच्या. एवढ्या मोठ्या दगडांना तिकडे टाकी कोण लावायचं?

रानजाई

कुळीथ, अगदी तसंच! टाकी लावणारे गावोगाव फिरत असत. तळ्या, म्हणजे दळायचे गोल दगड, बहुतेक फ्रान्समधून यायच्या. पॅरिसच्या पूर्वेला ला फेर्ते-सू-झुआर नावाचं गाव आहे, तिथल्या खाणीतला गारेसारखा कठीण, बारीक भोकांचा दगड. एवढा मोठा अखंड मिळत नसे, म्हणून तुकडे जुळवून, मागून प्लास्टर भरून, बाहेरून लोखंडी धाव चढवायची. बैलगाडीच्या चाकाला चढवतात ना, तशीच तापवून. वरची तळी टनाच्या आसपास भरते.

तळीच्या तोंडावर मधून बाहेर जाणाऱ्या चऱ्या कोरलेल्या असतात. वरच्या आणि खालच्या तळीच्या चऱ्या एकमेकींना कात्रीच्या पात्यांसारख्या ओलांडतात. म्हणजे दाणा चिरडला न जाता कापला जातो, आणि पीठ त्याच चऱ्यांतून कडेला सरकतं. चऱ्या बोथट झाल्या की पीठ तापतं. मग वरची तळी लाकडी याऱ्यानं उचलून उलटी करायची आणि टाकी घेऊन बसायचं, दिवसच्या दिवस. टाकीचे पोलादी कण उडून कारागिराच्या हातांच्या पाठीत रुतायचे, काळे ठिपके राहायचे. नवा माणूस दारात आला की गिरणीवाला आधी त्याचे हात बघायचा, असं सांगतात.

वंगण

लेख आवडला. मी कारखान्यात गिअरबॉक्सचं काम करतो म्हणून प्रश्न. पाणचाक मिनिटाला फार तर दहाएक फेरे मारेल. दगड त्या वेगानं फिरून तर पीठ निघणार नाही. मग वेग कुठे वाढवतात? आणि दाते लाकडीच का ठेवले, १८२९ मध्ये ओतीव लोखंड मिळत होतं की.

रानजाई

वंगण, खालच्या मजल्यावर मोठी दाती चाकं आहेत. पाणचाकाचा आस आडवा, दगडाचा उभा, म्हणून एक जोडी दिशा बदलते आणि सोबत वेगही वाढवते. मोठ्या चाकाला दाते जास्त, लहानाला कमी. दोन टप्प्यांत दगड मिनिटाला शंभराच्या आसपास फेऱ्यांवर जातो. लोखंडाचा वापर होतच होता, पण लोखंडावर लाकूड फिरवलं तर आवाज कमी, ठिणगी नाही, आणि काही अडकलं तर दाता तुटतो, चाक वाचतं. तुटलेला दाता सुतार संध्याकाळपर्यंत नवा बसवून देतो.

वंगण

म्हणजे दाता मुद्दाम कमजोर ठेवायचा. आजही आम्ही शिअर पिन त्याचसाठी घालतो. ठिणगीचं कारण पटलं. हवेत तरंगणारं पीठ भयंकर पेटतं.

शिशिर_मिनेसोटा

वंगण यांनी पिठाच्या पेटण्याचा विषय काढलाच आहे तर आमच्या शहराबद्दल सांगतो. मिनियापोलिसमध्ये मिसिसिपीच्या काठी वॉशबर्न ए मिल नावाची प्रचंड गिरणी होती. २ मे १८७८ च्या संध्याकाळी आतली पिठाची धूळ पेटली आणि गिरणी फुटली. १८ कामगार गेले. आजूबाजूच्या गिरण्याही जळाल्या. त्यानंतर धूळ ओढून घेणारी यंत्रं बसवायला सुरुवात झाली.

आणि पीअर्स मिलसारख्या गिरण्या का मागे पडल्या त्याचं उत्तरही आमच्याकडेच आहे. दगडांच्या जागी पोलादी लाटणी आली. एकमेकांलगत फिरणाऱ्या लाटण्यांमधून गहू टप्प्याटप्प्यानं फोडायचा, त्यात कोंडा आणि अंकुर वेगळे काढता येतात. अंकुरात तेल असतं. ते गेलं की पीठ महिनोन् महिने टिकतं, आगगाडीनं कुठेही पाठवता येतं. दगडावर दळलेल्या पिठात ते तेल राहतं, चव त्यामुळेच, आणि उन्हाळ्यात खवट वास लागतो तोही त्यामुळेच. ओढ्यावरची गिरणी पंचक्रोशीला पुरायची. आगगाडी आल्यावर पंचक्रोशी हा हिशेबच संपला.

आपल्याकडे आठवड्याचं दळण आठवड्याला करतात. लहानपणी मला ते आईचं जास्तीचं काम वाटायचं. आता कळतं की ते पिठाच्या स्वभावाला धरून होतं.

खामकाठ

रानजाईताई, फार दिवसांनी असा धागा वाचला. मी छत्रपती संभाजीनगरचा, आमच्या जुन्या औरंगाबादचा. तुम्ही पाणगिरणीवर लिहिलंत आणि आमच्या पाणचक्कीचा उल्लेख नाही, म्हणून मी लिहितो.

खाम नदीच्या काठी, मेहमूद दरवाजाजवळ बाबा शाह मुसाफिर यांचा दर्गा आहे. ते मूळचे बुखाऱ्याकडच्या गिज्दुवानचे, नक्षबंदी परंपरेतले सूफी, औरंगजेबाच्या काळात इथे स्थिरावले. पाणचक्की अठराव्या शतकातली. निजामाच्या पदरी असलेल्या तुर्कताज खानानं १७४४ च्या सुमारास बांधली असं सांगितलं जातं. दर्ग्यात येणारे फकीर, वाटसरू, शिकणारी मुलं यांच्या जेवणासाठी इथे धान्य दळायचे.

पण खरी करामत पाण्याची आहे. गिरणी नदीकाठी असली तरी नदीच्या पाण्यावर चालत नाही! खाम उन्हाळ्यात आटते, तिचा भरवसा नाही. म्हणून उत्तरेला हर्सूलकडच्या डोंगरातलं झऱ्याचं पाणी जमिनीखालून खापराच्या नळांनी आणलंय. वाटेत खोलगट जागा आली की पाणी खाली उतरून समोरच्या उंच बांधलेल्या खांबात आपोआप चढतं, आणि शेवटी उंचीवरून हौदात धबधब्यासारखं पडतं. ना रहाट, ना मोट. मलिक अंबरानं सतराव्या शतकाच्या सुरुवातीला खडकी, म्हणजे आजचं हेच शहर, वसवली तेव्हा नहरींची, म्हणजे जमिनीखालून पाणी आणायची जी विद्या इथे आणली, तिच्याच अंगाखांद्यावर ही पाणचक्की उभी आहे. मोठ्या हौदाच्या तळाशी एक दालन आहे, म्हणजे हौदाचा तळ हे त्या दालनाचं छत. मे महिन्यात आत जाऊन बसा, बाहेरचं ऊन विसराल.

वंगण यांच्यासाठी: आमच्याकडे दाती चाकं नाहीत. पाणचाक आडवं आहे, जमिनीला समांतर. त्याच्या पात्यांवर पाण्याचा झोत आदळतो, आणि त्याच आसाच्या वरच्या टोकाला दगड. चाकाचा एक फेरा म्हणजे दगडाचा एक फेरा.

वंगण

खामकाठ, सुंदर! म्हणजे दोन वेगळे विचार झाले. पाणी भरपूर पण पडायला उंची कमी, तर मोठं उभं चाक घ्या, पाण्याच्या वजनावर सावकाश फिरवा आणि दात्यांनी वेग वाढवा. पाणी थोडं पण उंचीवरून येणारं, तर झोत करून आडव्या चाकावर मारा, वेग आपोआप मिळतो. टर्बाइनचं तत्त्व याहून वेगळं नाही.

पायवाट

गढवालमध्ये दरवर्षी ट्रेकला जातो. तिकडचे घराट, म्हणजे पाणगिरण्या, असेच आडव्या चाकाचे. ओढ्यातून छोटा पाट काढलेला, लाकडी पन्हळीतून पाणी खाली सोडलेलं, वर दगडांची बुटकी झोपडी. एका गावात पावसात अडकलो तेव्हा दोन तास घराटात बसून होतो. दाण्याची टोपली वर टांगलेली असते, तिला बांधलेली एक काडी फिरत्या तळीवर टेकलेली. दगड फिरला की काडी थरथरते, दाणे एकेक करून पडतात. पाणी वाढलं, दगड जोरात फिरला, तर काडीही जोरात हलते, दाणे जास्त पडतात. आपोआप जमतं सगळं. आपल्याकडे बाई एका हातानं खुंटा ओढते आणि दुसऱ्यानं वैरते, तो वैरणारा हात म्हणजे ती काडी.

पीअर्स मिलमध्ये ते काम कोण करतं?

रानजाई

पायवाट, तिथे लोखंडी चौकोनी दांडा आहे, दगडाबरोबर फिरतो आणि त्याच्या कडा दाण्याच्या पन्हाळीला टकटक टकटक ठोकत राहतात. त्याला इंग्रजीत ‘डॅमझेल’ म्हणतात, म्हणजे तरुण मुलगी, अखंड बडबडते म्हणून. नाव पुरुषांनी ठेवलं हे उघड आहे. पण गिरणीवाल्याचं सगळं लक्ष त्या टकटकीकडे असायचं. ती बदलली की दाणे संपत आले, हे पाठमोरं उभं राहूनही कळतं. दाण्यावाचून दगडाला दगड लागला तर चऱ्या जातात आणि ठिणग्याही उडतात.

खामकाठ, पाणचक्की मी शाळेच्या सहलीत पाहिली होती, तेव्हा फक्त मासे आणि वडाचं झाड लक्षात राहिलं. तुमचा प्रतिसाद वाचून लाज वाटली, आणि बरंही वाटलं.

बाभूळ

लेख माहितीपूर्ण आहे, पण एक जागा रिकामी वाटली. १८२९ चं वॉशिंग्टन म्हणजे गुलामगिरीचं शहर. जमीनदाराची गिरणी, शेती, कोठारं. दगड कुणी फोडले, गोणी कुणी उचलल्या, हे लेखात यायला हवं होतं. पीअर्सनं बांधलं, एवढंच म्हणून कसं चालेल?

रानजाई

बाभूळ, बरोबर आहे. मूळ लेखातच यायला हवं होतं. आता लिहिते.

पीअर्स घराण्याकडे गुलाम माणसं होती. आयझॅक १८४१ मध्ये गेला, मुलगा अबनर १८५१ मध्ये, आणि मालमत्ता अबनरचा भाचा पीअर्स शूमेकर याच्याकडे आली. १६ एप्रिल १८६२ ला, लिंकनच्या गुलाममुक्तीच्या जाहीरनाम्याच्या आठ महिने आधी, वॉशिंग्टन शहरात गुलामगिरी कायद्यानं संपली. पण त्या कायद्यात भरपाई होती, आणि ती मालकांना. एका माणसामागे सरासरी ३०० डॉलरपर्यंत. मालकांनी सरकारकडे अर्ज करायचे, त्यात प्रत्येकाचं नाव, वय, वर्णन, येणारं काम आणि ‘किंमत’ लिहायची. शूमेकरनंही असा अर्ज केला.

ज्यांनी आयुष्यभर राबून दिलं त्यांना या हिशेबात काही मिळालं नाही. पण त्या अर्जांमुळेच त्यांची नावं कागदावर राहिली. गिरणीच्या भिंतीवर दोन माणसांची अक्षरं आहेत. बाकीची नावं शोधायची तर भरपाईच्या कागदांत शोधावी लागतात. मी बी. आय. पी. कडे कौतुकानं बघते असं वर लिहिलंय. तो दगड वर कुणी चढवला असेल, हेही यापुढे त्याच वेळी मनात येणार.

बाभूळ

धन्यवाद. एवढंच हवं होतं. माउंट व्हर्ननच्या गिरणीतही दळायला आणि पिंपं बनवायला गुलाम कारागीर राबत होते.

जुनी_पानं

ओढ्यावर आणखी गिरण्या होत्या असं लिहिलंय, त्यांचं काय झालं? काही खुणा आहेत का?

रानजाई

रस्त्यांच्या नावांत आहेत. प्राणिसंग्रहालयाजवळ अॅडम्स मिल रोड आहे. तो अॅडम्स म्हणजे पुढे राष्ट्राध्यक्ष झालेला जॉन क्विन्सी अॅडम्स. १८२३ मध्ये परराष्ट्रमंत्री असताना त्यानं बायकोच्या नात्यातल्या माणसाकडून ती गिरणी घेतली. पैसा काही मिळाला नाही, डोक्याला ताप मात्र झाला. ब्लॅग्डन अॅव्हेन्यूचं नावही एका गिरणीवाल्या घराण्याचं. गिरण्या गेल्या, त्यांच्याकडे जाणाऱ्या वाटा डांबरी होऊन राहिल्या.

सरळ_बोल

मला स्पष्ट विचारायचं आहे. मीही व्हर्जिनियात राहतो, ही गिरणी पाहिली आहे. आज त्या चाकावर पडणारं पाणी ओढ्यातून पाटानं येत नाही, पंपानं पुन्हा पुन्हा वर चढवतात. म्हणजे वीज पंपाला, पंप पाण्याला, पाणी चाकाला. मग सरळ दगडालाच मोटर का लावू नये? हा देखावा झाला. शेजारचा धबधब्यासारखा बंधाराही गिरणीचा नाही, १९०४ मध्ये निव्वळ शोभेसाठी घातलेला. एवढा पैसा त्या ओढ्याच्या पाण्यावर खर्च केला असता तर?

रानजाई

सरळ_बोल, पंपाचं खरं आहे, बंधाऱ्याचंही. मला स्वतःला ते पहिल्यांदा कळलं तेव्हा वाईट वाटलं होतं. पण पाट का बंद पडला ते बघा. वरच्या भागात जंगल होतं, तिथे छपरं आणि डांबर आलं. पाऊस जमिनीत मुरेनासा झाला. आता वळीव पडला की ओढा तासाभरात फुगतो, गाळ आणून टाकतो, आणि एरवी रोडावतो. गिरणीला बाराही महिने सारखं पाणी लागतं. शिवाय शहराचा साधारण एक तृतीयांश भाग जुन्या पद्धतीच्या गटारांवर आहे, पावसाचं आणि मैल्याचं पाणी एकाच नळात. मोठ्या पावसात ते ओसंडून या ओढ्यातही येतं. त्यामुळे पाण्यात उतरायलाही मनाई आहे. जिच्यासाठी पाणी अडवलं ती गिरणी उभी, आणि पाणीच बिघडलं.

दगडाला मोटर लावली तर पीठ निघेल. पण पाणी भरलेल्या खणांचं वजन चाकाला कसं ओढतं, चाकाचा जोर दात्यांतून वर कसा चढतो, हे मुलांना दिसणार नाही. मी शाळेच्या मुलांचे चेहरे पाहिलेत तिथे. पन्हळीतलं फाटक उघडतं, चाक क्षणभर विचार केल्यासारखं थांबतं आणि हलतं, तेव्हा सगळी पोरं एकदम गप्प होतात. त्यानंतरच ‘हे पाणी कुठून येतं?’ असा प्रश्न येतो, आणि खरं उत्तर द्यावं लागतं. ओढ्याची गोष्ट तिथून सुरू करता येते. गिरणी फिरलीच नाही तर तो प्रश्न विचारणार कोण?

बंधाऱ्याबद्दल आणखी एक. त्यानं मासे अडत होते. समुद्रातून अंडी घालायला गोड्या पाण्यात वर चढणारे हेरिंग जातीचे मासे शंभर वर्षं त्या भिंतीपाशी येऊन परतत. २००६ मध्ये कडेनं माशांसाठी पायऱ्यांची वाट केली. वसंतात गेलात तर तिथे वाकून बघा.

सरळ_बोल

माशांचं माहीत नव्हतं. पंपाबद्दल माझं मत बदललं नाही, पण एप्रिलमध्ये जाईन.

कुळीथ

रानजाई, तिकडच्या दगडी गिरणीचं पीठ खाल्लंत का कधी? कसं असतं?

रानजाई

माउंट व्हर्ननच्या गिरणीत दळलेलं मक्याचं पीठ विकत मिळतं, ते आणलं होतं. वासानंच कळलं की ताजं आहे. पण आपल्या हाताला ते रवाळ. इकडे त्याचा शिरा किंवा जाड पाव करतात, त्यासाठी मुद्दाम जाडसर ठेवलेलं. तसंच मळलं तर भाकरी थापताना कडेनं फाटत गेली. दुसऱ्या दिवशी मैद्याच्या चाळणीनं चाळून, उकळतं पाणी घालून, झाकून ठेवलं आणि मग तळहातानं खूप रगडलं. तेव्हा कुठे तव्यावर फुगली. चाळून उरलेल्या कण्या ताकात शिजवल्या. आई तेव्हा इथेच होती. तिनं भाकरीचा तुकडा हुंगून विचारलं, ‘दगड नुकताच टाकवलाय का गं?’ मला काही सांगता आलं नाही.

कुळीथ

टाकवलेल्या दगडाचं पहिलं पीठ आमच्याकडे जनावरांना घालतात, कच येते म्हणून. मूठभर कोंडा आधी दळून घ्यायचा, मग घरचं.

खामकाठ

रविवारी पाणचक्कीला जातोय. खालच्या चाकाला पाती किती आणि ती लाकडाची की लोखंडाची, हे इतक्या वर्षांत कधी वाकून पाहिलं नाही. वंगण, आणखी काही मोजायचं असेल तर शनिवारपर्यंत सांगा, टेप बरोबर घेतो.

वंगण

पाणी पात्यावर पडतं तिथपासून हौदाच्या काठापर्यंतची उंची. आणि जमलं तर दगडाचा व्यास. फेरे मोजायला मोबाइलवर अर्धा मिनिट चित्रण करा, बाकी मी काढतो.